बुक्क्याच्या डबीची जुळी बहीण

मी एक जुनी, हट्टी डबी आहे. माझं झाकण नीट बसत नाही. अंगावर पकडीच्या दातांचे ओरखडे आहेत. कोल्हापुरात विमलावहिनींच्या शिवणयंत्राच्या खणात मी पडलेली असते, तुटक्या बटणांच्या नि मोडक्या सुयांच्या संगतीत. जो तो मला उचलतो, झाकण फिरवून बघतो आणि म्हणतो, "झाकण बसत नाही त्या डबीचा काय उपयोग? द्या मोडीत."

मोडीत मी जाणार नाही. का जाणार नाही, ते आज ऐकाच, मित्रांनो. माझं सगळं आयुष्य कीर्तनात गेलं, म्हणून तोंडात 'श्रोतेहो' येऊ बघतं. ते आवरून तुम्हाला मित्रांनो म्हणते.

माझा जन्म विलायतेत झालेला नाही. कोल्हापुरातल्या बाळासो मिस्त्रींच्या लेथवर, ॲल्युमिनियमच्या एकाच दांड्यातून आम्ही दोघी बहिणी कातल्या गेलो. दिसायला अगदी सारख्या. झाकणाला बारीक आटे असे पाडलेले की बंद केल्यावर आत मुंगी शिरणार नाही, आणि उजेड तर नाहीच नाही. उजेड आत जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम होतं.

त्याचं असं. नृसिंह नावाचा एक हौशी गृहस्थ आपल्या बहिणीच्या कीर्तनात पेटी वाजवायचा. बहीण म्हणजे कालिंदीआक्का. दोघं गावोगाव कीर्तनं करत हिंडायची आणि नृसिंहाच्या एका खांद्याला पेटी तर दुसऱ्या खांद्याला जुना कॅमेरा असायचा. कोल्हापूर तेव्हा सिनेमावाल्यांचं गाव. स्टुडिओत चित्रं काढून उरलेले फिल्मचे तुकडे तो मागून आणायचा नि कॅमेऱ्यात भरायचा. पण कॅमेऱ्यात बसणारं नळकांडं त्याच्याकडे एकच. म्हणून फोटो काढून संपले की ती फिल्म अंधारात नळकांड्यातून सोडवून, उघडी-वाघडी, माझ्या पोटात घालावी लागे. मग मी टपालानं कोल्हापूरला जायची. तिथे नृसिंहाची बायको, म्हणजे आपल्या विमलावहिनी, ती फिल्म धुवायच्या.

धुतली की चित्र पक्कं होतं. त्याआधी उजेडाची एक तिरीप जरी लागली, तरी माणसं, देवळं, झाडं सगळं एका क्षणात पुसलं जातं. देऊळ कितीही उजळ असलं तरी गाभारा अंधाराच असतो ना? तसा तो माझा गाभारा होता.

माझी बहीण मात्र माझ्याबरोबर राहिली नाही. आक्कांनी आम्हा दोघींना पाहिलं आणि म्हणाल्या, "नृसिंहा, यातली एक मला दे. बुक्क्याला बरी आहे." खेडेगावात बुक्का मिळेल न मिळेल, म्हणून तो काळा सुगंधी बुक्का त्या स्वतः जवळ बाळगायच्या. पूर्वरंग संपला की गळ्यात हार पडतो आणि सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागतो, त्याशिवाय उत्तररंगाला रंग चढत नाही. अशी माझी बहीण देवाच्या सेवेला गेली आणि मी टपालाच्या.

मी तक्रार केली नाही. गारगोटीहून, निपाणीहून, रत्नागिरीहून मी आले. माझ्याभोवती कापड शिवायचं, वर शाईनं पत्ता लिहायचा, टाक्यांवर लाख ओतायची, की मी निघाले. पोस्टमनची हाक आली की विमलावहिनी माजघराची खिडकी गोधडीनं झाकायच्या आणि सासूबाईंना सांगायच्या, "आता मी बाहेर येईपर्यंत मला हाक मारायची नाही हं. दाराशी साप आला तरी नाही." मग अंधारात माझं झाकण फिरायचं. वहिनी पुटपुटायच्या, "शहाणी गं माझी बाई, एवढासाही उजेड शिरू दिला नाहीस." असं कौतुक ऐकलं की टपालाच्या पोत्यातले धक्के मी विसरून जायची.

एकदा मात्र कुणा पोस्टमास्तरानं शिक्का असा हाणला की लोहारानं घण घालावा. माझ्या झाकणाची कड दबली, आटे एकमेकांत रुतले. तेव्हापासून मी उघडताना कुरकुरू लागले. वहिनी वैतागायच्या. नृसिंह म्हणायचा, "पुढच्या खेपेला नवी करून घेऊ." ती पुढची खेप काही आली नाही.

आता मुख्य आख्यानाकडे येते.

आक्कांचे वडील मोठे कीर्तनकार होते. पेठेतल्या विठ्ठलमंदिरात उत्सवाचं कीर्तन वर्षानुवर्षं त्यांचंच. ते गेले आणि गादी मोकळी पडली. विद्या आक्कांकडे होती, आवाज तर वडिलांहून गोड. पण आक्का बालविधवा. देवळाचे मुख्य पंच गणपतराव. माणूस उदार, पण एकदा नाही म्हणाला की म्हणाला. आक्कांनी गादी मागितली तेव्हा ते म्हणाले,

"आक्का, तुमचं गाणं ऐकलं की डोळ्याला पाणी येतंय, खोटं कशाला बोलू? पर गादीवर उभं ऱ्हायचं म्हंजे लोकाच्या कपाळाला बुक्का लावायचा. जिच्या कपाळाला कुंकू न्हाय, तिनं दुसऱ्याच्या कपाळाला काय लावायचं?"

"बुक्क्याला सवाष्ण नि विधवा कळत नाही, गणपतराव," आक्का म्हणाल्या. "ते कुंकवाला कळतं. म्हणून तर मी बुक्का लावते."

"बोलायला तुम्ही भारी. पर तुमच्या हातचा बुक्का मानानं घेतलेला एक तरी जाणता माणूस दाखवा. मग गादी तुमची."

"दाखवते की."

बाहेर आल्यावर नृसिंह म्हणाला, "आक्का, कुणाला दाखवणार? जे घेतात ते सगळे गोरगरीब. यांच्या लेखी ते जाणते नव्हेत."

आक्का चालता चालता थांबल्या. "गणपतरावांचं आजोळ कोडोली. त्यांचे मामा आकारामआण्णा. मामांपुढे हे चकार शब्द काढत नाहीत. कोडोलीचं काल्याचं कीर्तन मी धरते. तू कॅमेरा घे."

काल्याचं कीर्तन सकाळचं असतं, म्हणजे फोटोला उजेड हवा तेवढा. कोडोलीचं देऊळ गच्च भरलं. पूर्वरंग संपला, हार झाला, आणि आक्का बुक्क्याची डबी घेऊन आकारामआण्णांसमोर आल्या. म्हातारा ताडमाड, पांढऱ्या मिशा. मागची माणसं गुडघ्यांवर उभी राहिली. आण्णांनी दोन्ही हातांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला आणि मान वाकवली.

"लाव गं लेकी. तुझ्या बा'च्या हातचा बुक्का ह्याच कपाळानं घेतलाय. आता तुझ्या हातचा घिऊ दे."

बुक्का कपाळाला लागला आणि खटकन आवाज झाला. नृसिंहानं तो क्षण धरला होता.

दुपारी नृसिंह आण्णांच्या सोप्यात डोक्यावरून घोंगडी घेऊन बसला. घोंगडीच्या अंधारात फिल्म सोडवायची त्याची ही नेहमीची युक्ती. घोंगडीतून नुसती धडपड ऐकू यायची. सोप्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"पावण्याला हिवताप भरलाय वाटतं."

"न्हाय गं, आत बसून लाडू खायालाय."

फिल्म माझ्या पोटात आली, झाकण घट्ट झालं. नृसिंहानं मला जमिनीवर ठेवलं आणि घामानं निथळत हातपाय धुवायला गेला. इथेच घोटाळा झाला, मित्रांनो. आक्का आत आल्या, त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्या दचकल्या. "अगं बाई, बुक्का जमिनीवर!" त्यांनी मला उचललं, कपाळाला लावलं आणि चिपळ्यांच्या झोळीत ठेवून दिलं. बुक्क्याची डबी भुईवर ठेवू नये, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. खरी बुक्क्याची डबी, माझी बहीण, भिंतीतल्या देवळीत होती. कीर्तनाहून आल्यावर आक्कांनीच ती तिथे ठेवली होती, पण त्या घटकेला ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. नृसिंह परत आला. जमिनीवर डबी नाही, देवळीत आहे. "आक्कानं उचलून ठेवली वाटतं," असं म्हणून त्यानं तिच्याभोवती कापड शिवलं. बाहेर मोटारीचा भोंगा वाजत होता नि ड्रायव्हर ओरडत होता, "पेटीवालं, येतायसा का जाऊ?" असल्या घाईत झाकणाची दबलेली कड कोण बघतो, नि वास तरी कोण घेतो?

मलकापूरच्या टपालकचेरीतून माझी बहीण कोल्हापूरला गेली. मी झोळीत होते. डबीला तोंड असतं, पण जीभ नसते. नाहीतर तिथेच हाक मारली असती.

मलकापूरच्या पुढे, घाटाच्या बाजूला एका वाडीत दुसरं कीर्तन होतं. ते ठेवणारे हंबीरराव. तालमीत कमावलेलं अंग, मोठी बागायत, आवाज चावडीपर्यंत जाणारा. वाडीतल्या बायकांनी हट्ट धरला म्हणून त्यांनी आक्कांना बोलावलं होतं, मनातून नव्हे. देवळात गॅसबत्ती सुसू करत होती. पूर्वरंग संपला. आक्कांनी झोळीतून मला काढलं आणि मानकरी म्हणून हंबीररावांच्या हाती दिलं. यजमानानं डबी उघडून पुढे धरायची, असा तिथला रिवाज.

त्या पांढऱ्याफक्क उजेडात हंबीररावांची बोटं माझ्या झाकणावर आली आणि माझा जीव गोळा झाला. आत आकारामआण्णांची वाकलेली मान होती. आक्कांच्या वडिलांची गादी होती. झाकण एक फेरा फिरलं असतं तरी संपलं.

मी ठरवलं, उघडायचं नाही.

हंबीररावांनी पिळलं. मी हलले नाही. त्यांनी धोतराच्या सोग्यात धरून पिळलं. माझा एकेक आटा दुसऱ्या आट्यात दात रोवून बसला.

"काय ओ पेटीवालं, कुलूप घातलंय काय डबीला?" कुणीतरी ओरडलं.

"त्याल सोडा त्याल!"

पुढे बसलेली धोंडुबाई नावाची म्हातारी, तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. ती म्हणाली, "हंबीरा, तालमीत एवढं दूध प्यालास, गेलं कुठं रं ते?"

देऊळ खदखदून हसलं. हंबीरराव लालबुंद झाले. "सांडशी आणा!" सांडशी आली. लोखंडाच्या त्या पकडीत माझी कड दबली, कळ मस्तकात गेली. तरी मी उघडले नाही. अखेर त्यांनी मला गादीवर आदळलं.

"बघा, मंडळी! देवाच्याच मनात न्हाय. बाईच्या हातचा बुक्का पांडुरंगाला नको हाय, म्हणून डबी उघडंना."

हसणं थांबलं. मागच्या माणसांनी माना डोलवायला सुरुवात केली. आक्कांनी मला उचललं. स्वतः एकदा प्रयत्न करावा म्हणून त्यांनी मला तोंडाजवळ आणलं, आणि त्यांचा हात थबकला. बुक्क्याची डबी कितीही घट्ट लावा, तिचा घमघमाट बाहेर सांडतोच. मला तो वास नव्हता. त्यांनी नृसिंहाकडे पाहिलं. त्यानंही आता मला ओळखलं होतं.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "मग टपालानं काय गेलं?"

आक्कांनी मला दोन्ही मुठींत छातीशी धरलं. "मंडळी, ही डबी उघडायची नाही. हिच्यात बुक्का नाही. बुक्का टपालानं कोल्हापूरला गेला."

पुन्हा हशा. हंबीरराव हात वर करून म्हणाले, "म्हंजे कीर्तान मोडलं म्हणा की."

"मोडलं असं कोण म्हणतंय?" आक्कांचा आवाज चढला नाही, पण चिपळ्या एकदा खणखणल्या. "मी गादीवर उभी आहे. जोवर उभी आहे, तोवर कीर्तन चालू आहे."

धोंडुबाई उठली, कंबरेवर हात ठेवून देवळाबाहेर गेली आणि थोड्या वेळानं पळीत काळी भुकटी घेऊन आली. "माझ्या चुलीतला कोळसा कुटलाय. बुक्का तरी काय असतोय? जाळूनच करत्यात न्हवं?" तिनं बोट भरून आधी आक्कांच्या कपाळाला लावलं. एका विधवेनं दुसरीच्या कपाळाला. मग पळी आक्कांच्या हातात दिली आणि आपलं सुरकुतलेलं कपाळ पुढे केलं. "आता मला लाव. आन् बेगीनं लाव, गुडघं दुखत्यात."

तिच्यामागे बायकांची रांग लागली, बायकांमागे गडीमाणसं. सगळ्यात शेवटी मिशा पुसत हंबीरराव उठले. "हा बुक्का न्हवं, राख हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "राखंला माझी हरकत न्हाय."

आणि मान वाकवली!

दुसऱ्या दिवशी नृसिंह म्हणाला, "टपाल नको आता. कोकणातली कीर्तनं सोडतो, मीच हिला घेऊन कोल्हापूरला जातो."

"टपालानं काय पाप केलंय?" आक्का म्हणाल्या. "चूक माझी नि तुझी. पुढे ठरलेली कीर्तनं मी मोडणार नाही. शिव कापड."

म्हणून मी टपालानंच आले. आल्यावर कळलं, माझ्या बहिणीनं इथे काय दंगा केला होता. वहिनींनी अंधारात तिचं झाकण फिरवलं, आत बोटं घातली तर भुकटी! घाबरून त्यांनी घाम पुसला. बाहेर आल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "विमले, धुवायला गेली होतीस की कीर्तनाला?" कपाळभर बुक्का होता. तेव्हापासून वहिनी नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत बसल्या होत्या.

मला हातात घेताच त्यांना खरी डबी कळली. पण मी काही उघडेना. हंबीररावांच्या सांडशीनं कड आणखीच दबली होती. अंधारात चाचपडत वहिनींनी पकड लावली. मला म्हणाल्या, "बाई गं, आता मी आहे. आता सोड." त्या आवाजावर मी अंग सैल सोडलं. झाकण कायमचं वाकलं, पण उघडलं.

बऱ्याच वेळानं वहिनींनी ओली पट्टी खिडकीशी धरली. धुतलेल्या फिल्मवर काळं ते पांढरं नि पांढरं ते काळं दिसतं. आकारामआण्णांच्या मिशा काळ्याभोर झाल्या होत्या, आणि कपाळावरचा बुक्का पांढराशुभ्र, पणतीसारखा उजळत होता. वहिनी तिथेच मटकन बसल्या आणि हात जोडले.

कोकणातून परतल्यावर आक्का तो फोटो घेऊन गणपतरावांकडे गेल्या. मला कशी ठाऊक तिथली गोष्ट? फोटोबरोबर पुराव्याला पट्टीही न्यायची होती, आणि पट्टी माझ्या पोटात होती.

गणपतरावांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "हे... आमचं मामा?"

"तुमचेच."

फोटो उलटा करून पाठही बघितली. मग त्यांना वाट सापडली. "आक्का, हे कोल्हापूर हाय. हितं स्टुडिओत माणसं आभाळात उडवत्यात, डोंगर करंगळीवर उचलत्यात. तुम्ही फोटोत मामा वाकिवला, त्यात काय नवल?"

नृसिंह पट्टी काढायला लागला. आक्कांनी त्याला हातानंच थांबवलं. "मग जावा की कोडोलीला. मामांनाच विचारा, वाकला होता का म्हणून."

गणपतराव फोटो नुसता खालीवर करत राहिले. मामांना विचारायला जावं, तर मामा पहिल्यांदा विचारणार, गण्या, तू का न्हाय वाकलास? ते त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. अखेर त्यांनी फोटो परत केला.

"उत्सवाला गादीवर उभ्या ऱ्हावा. शबुद दिलाय तर देतो. पर मी काय बुक्का लावून घ्यायचो न्हाय. आधीच सांगतो."

"ती तुमची खुशी. गादी माझी."

आणि आक्का उभ्या राहिल्या! वडिलांच्या गादीवर, वडिलांच्या चिपळ्या हातात घेऊन. नृसिंह पेटीवर होता, आणि कधी नव्हे त्या विमलावहिनी पुढच्या रांगेत, मला पदराच्या गाठीत बांधून. मध्यंतराला माझ्या बहिणीतून बुक्का निघाला. फुलवाल्या आल्या, हमाल आले, शाळेतले मास्तर आले, भांड्यांची बोहारीण आली. गणपतराव खांबाला टेकून उभे होते. आले नाहीत. रांग संपल्यावर सगळ्यांच्या नजरा खांबाकडे वळल्या. आता बाई थांबणार, वाट बघणार, कदाचित स्वतःच तिकडे जाणार, असं लोकांना वाटलं.

आक्कांनी डबी बंद केली, चिपळ्या घेतल्या आणि उत्तररंगाची पहिली ओळ अशी उचलली की खांबाकडे गेलेल्या माना आपोआप परत फिरल्या.

त्यानंतर दर उत्सवाला आक्काच उभ्या राहतात. गणपतराव दर वर्षी त्याच खांबाला टेकतात, शेवटपर्यंत ऐकतात, डोळे पुसतात नि कोरड्या कपाळानं घरी जातात. आक्कांचं काही अडलेलं नाही.

माझं काम मात्र सुटलं. नृसिंहाला आणखी नळकांडी मिळाली, आता उघडी फिल्म टपालात घालावी लागत नाही. मी खणात आले. 'द्या मोडीत' हे शब्द रोज कानांवर येतात, आणि रोज मी मनात म्हणते, येऊ दे मोडीवाला, बघते मी.

कारण मी रिकामी नाही, मित्रांनो. झाकण बसत नाही म्हणून वहिनींनी माझ्या तोंडाशी चिंधीचा बोळा लावला आहे, आणि आत ती पट्टी आहे. तुमच्याही घरात अशी एखादी पट्टी, अशी एखादी वाकडी डबी असेल. तिला हसू नका, आणि न बघता फेकू तर मुळीच नका. माझ्यातली पट्टी तुम्हाला पाहायची असली तर खुशाल पाहा. हात कोरडे करा, कडेला धरा, मध्ये बोट लावू नका. आणि पाहून झाली की माझी मला परत द्या. ती सांभाळायचं काम अजून माझंच आहे.